ख्रिस्तपुराणाचे धनी

जुना ग्रंथ कोणाकोणाच्या कपाटातून हिंडत आला, ही चौकशी आपल्याकडे फारशी प्रतिष्ठित मानली जात नाही. समीक्षकाने मजकूर पाहावा, कपाटे लिलाववाल्यांनी मोजावीत, अशी एक समजूत रूढ आहे. आम्हांला ती मान्य नाही. निदान पवित्र शास्त्राच्या बाबतीत तरी, ग्रंथ ज्याच्या हाती राहिला त्याने मजकुरावर आपला अंगठा उमटवलेला असतो. आणि तो अंगठा ओळखल्यावाचून मजकुराविषयी मत देणे म्हणजे सातबारा न पाहता शेताचा सौदा करण्यासारखे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यातील भाषाप्रेमाच्या ओव्यांविषयी तर गरजेपेक्षा अधिकच. परंतु त्या पुराणाचे धनी कोण कोण होते आणि त्यांच्यामुळे आपल्या हाती आलेल्या पाठाचे काय झाले, हा प्रश्न आमच्या मते प्रथम विचारावयास हवा.

मालकीचा आणि पाठाचा संबंध किती निकटचा असतो, याचे ठळक उदाहरण ग्रीक नव्या कराराच्या पहिल्या छपाईतच सापडते. १५१६ साली बाझल शहरी योहान फ्रोबेन याच्या छापखान्यातून इरॅस्मसने संपादिलेला ग्रीक नवा करार बाहेर पडला. छापून वाचकांच्या हाती आलेला हा पहिलाच. स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोस यांच्या देखरेखीखाली अल्काला येथे सिद्ध झालेल्या बहुभाषी बायबलातील नवा करार १५१४ च्या आरंभीच छापून तयार होता. परंतु रोमची अनुमती १५२० मध्ये आली आणि तोवर बाझलच्या प्रतीने बाजार गाठला होता. इरॅस्मसपाशी प्रकटीकरणाच्या पुस्तकाची ग्रीक पोथी एकच, आणि तीही रॉयक्लिन या विद्वानाकडून उसनी आणलेली. तिचे शेवटचे पान गळालेले होते. अखेरची सहा वचने तिच्यात नव्हती. इरॅस्मसने ती लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये उतरवली आणि छापखान्याकडे धाडली. लॅटिन प्रतीत तेथे ‘जीवनाचे पुस्तक’ होते. ग्रीक पोथ्यांत आढळतो ‘जीवनाचा वृक्ष’. पण इरॅस्मसच्या छापील ग्रीक पाठात पुस्तक शिरले, ते पुढील आवृत्त्यांत राहिले, आणि १६११ च्या इंग्रजी राजमान्य भाषांतरातही जाऊन बसले. कोणाच्या तरी घरी एक पान गळाले, आणि वृक्षाचे पुस्तक झाले! ती मूळ पोथी मध्यंतरी दृष्टीआड झाली होती. १८६१ मध्ये फ्रान्झ डेलिट्झ या जर्मन पंडिताला ती एका सरदार घराण्याच्या ग्रंथालयात सापडली, तेव्हा कुठे हा सारा व्यवहार उघड्यावर आला. आज ती आउग्सबुर्ग विद्यापीठात आहे. धनी सापडला म्हणून चूक सापडली, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

येथे जरा वाट वाकडी करण्याची मुभा वाचकांनी द्यावी. आम्ही हे तेरणाकाठी, माकणीस बसून लिहीत आहोत. धरणाच्या पाण्यापलीकडे फारसे न पाहणाऱ्यास ग्रीक ग्रंथांशी या नदीचे नाते काय, असे वाटेल. याच फ्रोबेन घराण्याच्या छापखान्याने १५३३ मध्ये ‘पेरिप्लस’ नावाचा एक प्राचीन ग्रीक सागरप्रवास प्रथमच छापला. त्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर असून तेथील कापड भडोचच्या बंदराला जाते, असा उल्लेख आहे. ते तगर म्हणजे तेरणेवरचेच आपले तेर, हे फ्लीट याने १९०१ मध्ये दाखवून दिले. ज्या हस्तलिखितावरून ती छपाई झाली ते हायडेलबर्गच्या राजग्रंथालयात होते. १६२३ मध्ये युद्धातली लूट म्हणून रोमला गेले, १७९७ मध्ये नेपोलियनच्या हुकमाने पॅरिसला, आणि १८१६ मध्ये परत हायडेलबर्गला. मराठवाड्यातील एका गावाचे नाव टिकवून धरणारी पाने अशी चार राजवटींच्या खांद्यांवरून हिंडली. तेरच्या रहिवाशाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत असे वारंवार घडते. ज्याच्याविषयी लिहिले त्याच्या दारात ग्रंथ क्वचितच असतो.

ग्रीक शास्त्राची छापील प्रत आपल्या मुलखातून गेली, असा एक प्रसंग निःसंशय आहे. अँटवर्पच्या प्लांतँ या मुद्रकाने स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने हिब्रू, अरामी, ग्रीक, लॅटिन व सिरियाक अशा भाषांत आठ खंडांचे भव्य बायबल छापले. त्याचे सात खंड घेऊन येशूसंघीय धर्मगुरू नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून निघाले. रुडॉल्फ आक्वाविवा, आंतोनियो मॉन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिक्स हे तिघे सुरतेहून खानदेश ओलांडून मांडू-उज्जैनच्या वाटेने फत्तेपूर सिक्रीस पोहोचले, आणि मार्च १५८० मध्ये हे खंड अकबर बादशहाच्या हाती ठेवले गेले. बादशहाने पागोटे उतरवून एकेक खंड मस्तकी धरला, चुंबिला, आणि शुभवर्तमान यांपैकी कोणत्या खंडात आहे ते विचारून त्याला विशेष मान दिला. १५९५ मध्ये जेरोम झेवियर आणि त्यांचे सोबती लाहोरला गेले तेव्हा बादशहाच्या ग्रंथसंग्रहात हे बायबल त्यांना पुन्हा पाहावयास मिळाले. आदरात काही कमी नव्हते. पण ग्रीक पानांकडे पाहून त्यातले अक्षर लावील असा मनुष्य त्या दरबारात धर्मगुरूंखेरीज कोण होता? ग्रंथाला धनी लाभला. वाचक मात्र लाभला नाही.

आक्वाविवा १५८३ च्या जुलैत सासष्टीतील कुंकळ्ळी येथे चार सोबत्यांसह हुतात्मा झाले. त्यापूर्वी त्या भागातील देवळे पाडली गेली होती आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना दगा देऊन मारण्यात आले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. आपल्या वेदीवर हुतात्म्यांचे नाव घेताना ते पान फाडून टाकू नये. त्याच सासष्टीत तेव्हा एक इंग्रज येशूसंघीय राहत होता. विल्टशरमधील बुश्टन गावचा, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरलेला थॉमस स्टीफन्स. १५८३ च्या ऑक्टोबरात आपल्या भावाला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिले की या देशातील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळणारी आहे. भाषाकुलांचे शास्त्र जन्मास येण्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण. सासष्टीच्या शेतकऱ्यांशी आणि भटा-ब्राह्मणांशी बोलता बोलता ते त्याच्या कानाने टिपले होते.

हाच कान पुढे ख्रिस्तपुराणात उतरला. १६१६ मध्ये रायतूर येथे ते प्रथम छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू व ४,२९६ ओव्या, दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू व ६,६६६ ओव्या, एकंदर १०,९६२. पहिल्यात सृष्टीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. तीन वेळा छापलेल्या या ग्रंथाची एकही छापील प्रत आज जगात ज्ञात नाही. अल्कालाचे बायबल सहाशे प्रतींचे होते आणि त्यांतल्या शंभरावर प्रती आजही निरनिराळ्या ग्रंथालयांत मोजून दाखवता येतात. आपल्या पुराणाचा मात्र एक चिटोरासुद्धा नाही. दुर्मिळ ग्रंथाच्या मालकीचा इतिहास लिहू जावे, तर येथे ग्रंथच गैरहजर.

गैरहजेरीचे कारण वाळवी आणि पावसाळा एवढेच नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की प्रजेने तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. धर्मन्यायालय १५६० पासून होतेच. लोकभाषेतील ग्रंथ बाळगणे हा संशयाचा विषय झाला, मग तो ग्रंथ ख्रिस्ताच्या चरित्राचा का असेना! पुढे १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने येशूसंघाला हद्दपार केले आणि त्यांच्या मठांतील मालमत्ता, ग्रंथांसह, जप्त झाली. म्हणजे पुराणाच्या छापील प्रती ज्यांच्याकडे असण्याचा संभव होता ते दोन्ही धनी, ख्रिस्ती कुटुंब आणि येशूसंघाचा मठ, एकामागून एक भयग्रस्त वा निर्धन झाले. ज्या सत्तेच्या छत्राखाली पुराण छापले गेले त्याच सत्तेने त्याची मुळे उपटली, हे म्हणताना आम्हांला आनंद होत नाही. पण वेगळे म्हणावे असा पुरावा नाही.

तरी पुराण उरले. ते उरले हाताने नकलून काढणाऱ्यांच्या जोरावर. १६५४ नंतर गोव्यातील आणि गोव्याहून दक्षिणेकडे निघून गेलेली कुटुंबे त्याच्या नकला करीत राहिली, आणि त्या नकला रोमन लिपीत आहेत, कारण छापील प्रत रोमन लिपीत होती. मंगळूरकडील ख्रिस्ती समाज १७८४ मध्ये टिपू सुलतानाच्या कैदेत श्रीरंगपट्टणास नेला गेला व १७९९ पर्यंत तेथेच राहिला. त्या पंधरा वर्षांत धर्मगुरूंवाचून राहिलेल्या लोकांना या पुराणाच्या ओव्यांनी धीर दिला, असे त्यांची परंपरा सांगते. याच मंगळुरात १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखित प्रतींवरून रोमन लिपीतील आवृत्ती छापली. अडीचशे वर्षांनंतरचे हे पहिले मुद्रण. आज पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय, पिलारचा मठ, पर्वरीचे थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र अशा ठिकाणी हस्तलिखिते जपलेली आहेत. पणजीच्या ग्रंथालयाला केळशीच्या कृष्णदास शामाचे नाव आहे. या कवीने सोळाव्या शतकात श्रीकृष्णाची कथा ओवीत गायिली. ख्रिस्ताची ओवी कृष्णदासाच्या घरी पाहुणी आहे, असे म्हटले तर ते दोघांनाही आवडेल.

या रोमन परंपरेला एक प्रतिस्पर्धी आहे आणि तो लंडनला आहे. विल्यम मार्सडेन हा सुमात्रात कंपनीची नोकरी केलेला विद्वान. पूर्वेकडील भाषांची हस्तलिखिते जमवण्याचा त्याला छंद होता. १८२७ मध्ये त्याने आपल्या संग्रहाची सूचीही छापली. गोव्याच्या येशूसंघीयांचे जुने कागद त्याच्या संग्रही होते, त्यावरून जप्तीनंतर विखुरलेले धन त्याच्यापर्यंत पोहोचले हे उघड आहे. १८३५ मध्ये त्याने आपले ग्रंथ लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिले. पुढे पौर्वात्य विद्यांची स्वतंत्र शाळा १९१६ मध्ये स्थापन झाली, तेव्हा हा संग्रह तिच्याकडे आला. तेथे जस्टिन अॅबट यांनी ख्रिस्तपुराणाची देवनागरी पोथी ओळखली आणि १९२३ मध्ये तिची वार्ता प्रसिद्ध केली. अॅबट अमेरिकन मराठी मिशनचे. एकनाथ-तुकारामांना इंग्रजीत नेणारे. एका कॅथलिक धर्मगुरूचे पुराण, अँग्लिकन कॉलेजला मिळालेल्या देणगीतून, प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने शोधून काढावे, यात आम्हांला विनोदही दिसतो आणि प्रभूची कृपाही.

अॅबट यांचे म्हणणे असे की ही देवनागरी पोथी म्हणजेच पुराणाचे मूळ रूप. हे मत मराठी वाचकाला एकदम पटते, आणि नेमके म्हणूनच ते तपासले पाहिजे. देवनागरी अक्षर दिसले की आपले मन म्हणते, हेच खरे. रोमन अक्षर परके. १६०८ च्या डिसेंबरात स्टीफन्सने येशूसंघाच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र या मताच्या बाजूने पुढे केले जाते. प्रमुख होते क्लॉडियो आक्वाविवा, म्हणजे कुंकळ्ळीच्या हुतात्म्याचे चुलते. या पत्रात स्टीफन्स सांगतो की या प्रांताच्या भाषेत आणि तिच्याच लिपीत पुस्तके छापावीत ही त्याची अनेक वर्षांची इच्छा आहे. अडचण एवढीच की या लिपीत अक्षरे नसून अक्षरसमूह असल्याने सहाशेच्या घरात साचे लागतील, पण ते दोनशेपर्यंत उतरवता येतील. तमिळला हा मान १५७८ मध्येच मिळाला होता; कोल्लम येथे फादर हेन्रिक एन्रिकेश यांचे पुस्तक तमिळ अक्षरांत छापून निघाले होते. मराठीला देवनागरी ठसे मिळण्यासाठी १८०५ मधील श्रीरामपूरच्या छापखान्याची वाट पाहावी लागली. स्टीफन्सची इच्छा फळाला आली नाही, हे शल्य खरे आहे.

परंतु या पत्रावरून सिद्ध काय होते? स्टीफन्सला देवनागरी येत होती आणि हवी होती, इतकेच. मार्सडेनची पोथी त्याच्याच लेखणीची हे त्यावरून ठरत नाही. आणि पोथीच्या आतला पुरावा आमच्या मते उलट दिशेला बोट दाखवतो. रोमन प्रतींत चर्चच्या व्यवहाराचे, संस्कारांचे शब्द पोर्तुगीज वा लॅटिन आहेत. मार्सडेन पोथीत त्यांच्या जागी संस्कृत शब्द बसवलेले आहेत. आता स्टीफन्सची स्वतःची सवय काय होती? ती पाहण्याचे साधन उपलब्ध आहे. त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ मध्ये, रायतूर येथे त्याची ‘दौत्रीना क्रिस्तां’ ही कोंकणी धर्मशिक्षणाची पुस्तिका छापली गेली आणि तिच्या प्रती सुदैवाने उरल्या आहेत. तिच्यात धर्मशास्त्रीय संज्ञा पोर्तुगीजच ठेवलेल्या आहेत. त्या काळच्या धर्मगुरूंना भीती असे की ‘मोक्ष’ किंवा ‘यज्ञ’ म्हटले की ऐकणारा जुन्या अर्थाने समजून घेईल. जो मनुष्य मुलांच्या धर्मशिक्षणात ही सावधगिरी पाळतो, त्याने मोठ्या ग्रंथात ती झुगारून दिली असेल, हे आम्हांला पटत नाही. लेखक एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा, असा मानण्यापेक्षा, मागाहून आलेल्या कोणा सुजाण हाताने पोर्तुगीज शब्द काढून संस्कृत शब्द घातले, हे मानणे अधिक सरळ आहे. पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या मराठी वाचकांसाठी हे काम झाले असावे, हा आमचा तर्क. तो हात मात्र लहान नव्हता, हे निश्चित.

म्हणून मार्सडेन पोथी टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. ती पहिल्या दर्जाची साहित्यिक साक्ष आहे. ख्रिस्ती कथेला मराठीच्या घरातले संपूर्ण कपडे चढवण्याचा तो धाडसी प्रयत्न आहे, आणि आज आपण मिस्सेच्या प्रार्थनांत ‘कृपा’, ‘तारण’, ‘पवित्र आत्मा’ असे सहज म्हणतो, तेव्हा आपण त्याच अज्ञात नकलकाराच्या वाटेने चालत असतो. पण ‘मूळ’ आणि ‘सुंदर’ हे दोन निराळे शब्द आहेत. रोमन परंपरा ओबडधोबड दिसते, पोर्तुगीज शब्द मराठी कानाला खुपतात, तरी ते खुपणे ऐतिहासिक सत्य आहे. सासष्टीतल्या बाप्तिस्मा घेतलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी ते शब्द खरोखर होते. पाठाच्या सोयीसाठी ते पुसणे म्हणजे त्या शेतकऱ्याला पुराणाच्या धनीपणातून बेदखल करणे होय.

रोमन पाठातही अडचणी आहेत, त्या झाकून उपयोग नाही. स्टीफन्सच्या लेखनपद्धतीत ट-ण-ळ यांसाठी अक्षर दुणे लिहिण्याची शिस्त होती. ‘पुराण’ शब्दातील णकार दोन ‘न’ मांडून दाखवला जाई. पण ऱ्हस्व-दीर्घ ओळखण्याची सोय अपुरी होती. त्यामुळे रोमनवरून देवनागरीत पुन्हा उतरवणारा प्रत्येक संपादक जागोजागी निवड करतो. १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी मंगळूरच्या मुद्रणाच्या आधारे देवनागरी आवृत्ती काढली; ज्ञानेश्वरी-एकनाथी भागवत वाचणाऱ्या मराठी समाजापुढे पुराण प्रथमच त्याच्या लिपीत आले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून निघाली, २००९ मध्ये नेल्सन फालकाव यांची, मूळ ओव्यांसमोर आजच्या मराठीतील अर्थासह. या सर्वांत ऱ्हस्व-दीर्घाचे भेद पडतात. सुदैवाने ओवी हा लघु-गुरूच्या काट्यावर तोललेला छंद नाही. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तोंडाने म्हणताना वेळ भरून काढता येतो. संस्कृत वृत्तात हेच पुराण रचले असते तर रोमन लिपीने त्याचा छंदच मोडला असता. स्टीफन्सने ओवी निवडली ती लोकांना परिचित म्हणून. तीच पुढे लिपीच्या गैरसोयीतून ग्रंथ तारून गेली.

आता आमची एक तक्रार. मराठी शाळांनी आणि भाषादिनाच्या भाषणांनी या दहा हजार नऊशे बासष्ट ओव्यांतून मराठीच्या स्तुतीच्या चारपाच ओव्या उचलल्या आणि बाकीचा ग्रंथ वाऱ्यावर सोडला. त्या ओव्या सुंदर आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्यावरून स्टीफन्स हा मराठीला मिळालेले परदेशी प्रशस्तिपत्र ठरतो, कवी ठरत नाही. त्याचे कवित्व कथेत आहे. रविवारी धर्मशिक्षण चालले असताना एक ब्राह्मण उठून विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला ऐकण्यासारखे काही का देत नाही? संपूर्ण ग्रंथ या एका प्रश्नाचे उत्तर आहे. असा प्रश्न पुराणाच्या तोंडाशीच घालणारा धर्मगुरू आपल्या संस्थेला गैरसोयीचे सत्य लपवीत नव्हता. जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्याची खंत त्याने श्रोत्याच्या मुखातून छापील पानावर आणली, आणि तेही धर्मन्यायालयाच्या छायेत.

त्या हिरावलेल्या पोथ्यांचे काय झाले, याचे अर्धे उत्तर पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात आहे. ७७१, ७७२ आणि ७७३ क्रमांकाच्या तीन हस्तलिखितांत रामायण-महाभारतातील कथा कोंकणी गद्यात आणि मराठी पद्यात, रोमन लिपीत उतरवलेल्या आढळतात. येशूसंघीयांनी भाषा शिकण्यासाठी सोळाव्या शतकात करवून घेतलेल्या या नकला होत. हिंदू घरातील मूळ पोथ्या ज्या हातांनी नेल्या, त्याच हातांनी त्यांच्या नकला करून ठेवल्या. म्हणून गोव्याचे सर्वांत जुने कोंकणी गद्य आज ख्रिस्ती धर्मगुरूंच्या अक्षरांत वाचावे लागते. स्टीफन्सचे मराठी कोठून घडले असे कोणी विचारले, तर याच नकलांकडे पाहावे लागेल. आपल्या पुराणाची ओवी ज्या ओव्यांवर पोसली, त्यांचे मालक सासष्टीतील हिंदू कुटुंबे होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. ख्रिस्तपुराणाच्या धन्यांची यादी करताना हे पहिले नाव वगळले, तर यादी खोटी होईल. मंगळूरचे कैदी, पणजीचे ग्रंथपाल, मार्सडेन, अॅबट हे सर्व नंतरचे.

आमच्या वाचक कुटुंबांतून हे पुराण घरी आणावे की नाही, आणि आणले तर कोणते, असा प्रश्न निघतो. अभ्यासकाने मंगळूर आणि लंडन या दोन्ही पाठांचे भेद पाहावेत. ते त्याचे काम आहे. घरी प्रायश्चित्तकाळात मोठ्याने वाचावयाचे असेल, तर अर्थ शेजारी असलेली २००९ ची आवृत्ती बरी. सतराव्या शतकातील क्रियापदे आजच्या मुलांना अडवतात आणि आजी-आजोबांनाही अडवतात, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पोर्तुगीज शब्द आले तर ते गाळू नयेत. आजी ‘इगर्ज’ म्हणते ना, तसेच ते म्हणावेत. आरंभ पहिल्या पुराणापासून केला, तर सृष्टी, नोहा आणि अब्राहाम यांतच चाळीस दिवस संपतात. दुसऱ्या पुराणापासून, देवदूताच्या मरियेकडील आगमनापासून आरंभ करावा, आणि पहिल्याकडे पावसाळ्यात, शेतीची घाई उरकल्यावर वळावे.